शिसं ओतताय? मग थेंबाला घाबरा

नमस्कार मंडळी. गळाला लावायची शिशाची वजनं घरीच ओतणारे तुमच्यातही असतील, मीही त्यातलाच. त्यामुळे ज्ञान पाजळत नाही, माझी जिथे फजिती झाली तिथूनच सुरू करतो.

शिसं वितळतं साधारण ३२७ डिग्रीला, म्हणजे शेगडीवर बघता बघता पातळ होतं आणि माणूस गाफील होतो. एकदा माझा साचा रात्रभर बाहेर राहिला, सकाळी हात लावला तर कोरडा वाटला म्हणून सरळ ओतलं, आणि फट्ट! शिशाचे थेंब पार छपराला जाऊन चिकटले. झालं होतं काय, तर आत कुठेतरी दव राहिलं होतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट फुगते, आणि वरून शिसं असलं की तिला वाटच नसते, मग ती शिसं उडवूनच बाहेर येते. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. आता साचा तापवतो, पळीही तापवतो, आणि वितळलेल्या शिशात नवीन तुकडा कधीच टाकत नाही, भांडं निवलं की मगच भर घालतो. अंगात जाड सुती कपडे आणि पायात बंद चामड्याचे बूट. सिंथेटिक नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

धुराला सगळेच घाबरतात, आणि पाचशे डिग्रीच्या पुढे गेलात तर घाबरायलाच हवं, म्हणून आच बेताची ठेवायची आणि काम उघड्यावरच करायचं. पण वर जी करडी साय येते ना, तिची भुकटी जास्त लबाड. हाताला लागते, हातावरून तोंडात जाते, कपड्यांवरून घरात येते, आणि घरात लहान मूल असेल तर शिसं त्याच्या मेंदूवरच घाव घालतं. ती साय झाकणाच्या डब्यात भरा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ते कपडे वेगळे धुवा. भांडं एकदा शिशाला वापरलं की स्वयंपाकघराला कायमचं मुकलं, कितीही घासा.

जुन्या बॅटरीतलं शिसं फुकट मिळतंय म्हणून वितळवायला जाऊ नका हां, त्यात अ‍ॅसिड असतं, आर्सेनिकही असू शकतं.

आणि ते मधे चीर असलेले शिशाचे बारीक दाणे गळाच्या दोरीवर दाताने दाबून बसवता ना? मीही दाबायचो. आता खिशात छोटी पक्कड असते.