राजाराम बंधारा आणि आमचं बावडा

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात रेडिओ लावला की बातम्यांत एक वाक्य हमखास येतं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी इतके फूट इतके इंच. आख्खा जिल्हा कान देऊन हा आकडा ऐकतो, शिरोळचा शेतकरी ऐकतो, पुण्यात नोकरीला असलेलं पोरगं रात्री अकराला फोन करून विचारतं, "किती फूट झालं ओ आप्पा?" पण बंधारा ज्या गावाला लागून आहे त्या कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि मी जन्मापासून इथलाच, म्हणून म्हटलं आज आपणच बोलूया.

आता बावड्याला गाव म्हणायचं की उपनगर? कागदावर आम्ही कोल्हापूर महापालिकेत, केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, दारात येते, कलेक्टर ऑफिस जवळ. तरी आमच्या घरातली म्हातारी माणसं शेवटपर्यंत "जरा कोल्हापूरला जाऊन येतो" असंच म्हणायची, जणू चार कोस लांब जायचंय. आणि ते खोटंही नव्हतं, कारण रस्त्याच्या एका अंगाला अपार्टमेंट आणि दुसऱ्या अंगाला ऊस, सकाळी म्हशी धुवायला नदीला चाललेल्या आणि मागनं स्कूलबस हॉर्न वाजवतीय, हे अजून बघायला मिळतं. हंगाम सुरू झाला की राजाराम कारखान्याकडं उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि मळीचा वास घराघरात येतो. जुन्या शुगर मिलचा सहकारी कारखाना होऊन कितीतरी वर्षं झाली पण कोपऱ्याचं नाव मात्र शुगर मिल कॉर्नरच राहिलंय.

एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, आणि तो झाला बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये. ते मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, १८९४ ला कारभार हातात घेतला आणि १९०२ मध्ये ५० टक्के राखीव जागांचा हुकूम काढला, हे सगळं शाळेत शिकवतात. पण राधानगरी धरणाचं काम ज्यांनी सुरू केलं ते इथं जन्मले, आणि त्या धरणाचं पाणी भोगावतीतनं पंचगंगेत येऊन आमच्याच बंधाऱ्यावरनं पुढं जातं, हे मनात आलं की मला दरवेळी भरून येतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि "दोन दरवाजे उघडले" अशी बातमी आली की बावड्यात नदीकाठचा माणूस आधी जनावरं सोडवतो आणि मग जेवायला बसतो.

बंधाऱ्याचं पण सांगतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून महाराष्ट्रभर जो प्रकार ओळखला जातो तो हाच. दगडी खांबांना खाचा असतात, पाऊस सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, दोन रांगांत बसवायच्या आणि मधे माती ठासून भरायची की पाणी अडतं, आणि पावसाळा तोंडावर आला की ते बरगे काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. वरनं माणसं आणि गाड्या पलीकडं वडणग्याकडं जातात, म्हणजे पूल पण तोच.

बावड्यातला लाईन बाजार हा भाग राहिलाच की! कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल, पण आमच्या लाईन बाजारात हॉकी. संध्याकाळी ग्राउंडवर जा, शाळेचा युनिफॉर्मसुद्धा न बदलता पोरं स्टिक घेऊन उतरलेली दिसतील. आणि आषाढात नव्या पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन पी ढबाक हे पारंपरिक वाद्य वाजवत टेंबलाई देवीच्या टेकडीवर जायची जत्रा असते, त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाची बाई पण गल्लीतल्या बायकांबरोबर चालते, नैवेद्य एकत्रच होतो.

पण खरं गाव मी पाहिलं ते पुरात. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिये रस्ता बंद, लाईट नाही, आणि रोज दिसणारा ऊस पूर्ण पाण्याखाली. आमच्या गल्लीतली पोरं पाण्याच्या कडेला दगड ठेवून बसायची आणि दर तासाला बॅटरी मारून बघायची दगड बुडाला का. उंचावरच्या घरांनी दारं उघडी ठेवली होती, आमच्या घरात तीन कुटुंबं आणि अंगणात पाच म्हशी होत्या, चूल दिवसभर विझली नाही, कोण कुणासाठी भाकरी थापतंय हे कुणी विचारलंच नाही. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, परत तेच, पण त्यावेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही, शेजारच्या काकी स्वतःच पिठाचा डबा घेऊन आल्या.

पाणी उतरायला लागलं की रोज पहाटे निम्मं गाव नदीकडं जातं. "बंधारा दिसला का?" एवढंच विचारतात. मग एका सकाळी चिखलातनं दगडी खांब वर आलेले दिसतात, पोरं गाळ खरवडून वाट करतात, आणि पलीकडनं दुधाच्या किटल्या लावलेली पहिली सायकल येते.