चोर मांजर, सोललेलं सफरचंद आणि तेच ते वाक्य

फेब्रुवारी २०२०. सगळीकडे 'पॅरासाइट'चंच चाललंय, चार ऑस्कर मिळालेत आणि ज्याला त्याला एकदम कोरियन सिनेमा कळायला लागलाय. त्याच महिन्याच्या शेवटी बर्लिन फेस्टिव्हलमध्ये, ब्रिटिश नट जेरेमी आयर्न्स ज्यूरीचा अध्यक्ष होता, होंग सांग-सू या दुसऱ्याच एका कोरियन माणसाला दिग्दर्शनाचा सिल्व्हर बेअर पुरस्कार मिळाला. सिनेमा 'द वूमन हू रॅन', म्हणजे पळून गेलेली बाई. नाव ऐकून थ्रिलर वाटतो ना? ७७ मिनिटांत कोणी धावतसुद्धा नाही.

गाम-ही नावाची बाई आहे, किम मिन-हीने केलीय. नवरा कामासाठी बाहेरगावी, म्हणून ही मैत्रिणींना भेटायला निघते. पहिली यंग-सून, घटस्फोट झालाय, शहराबाहेर एका बाईसोबत राहते, भाजी लावलीय, शेजारी कोंबड्या. दुसरी सू-यंग, पिलाटेस नावाचा व्यायाम शिकवते, चार पैसे बाजूला टाकलेत, एकटी राहते आणि मजेत राहते. तिसरी वू-जिन, ती भेटते थिएटरमध्ये, आणि तिनं गाम-हीच्याच जुन्या प्रियकराशी लग्न केलंय. बस, एवढीच स्टोरी. बाकी मांस भाजणं, सफरचंद सोलणं आणि गप्पा.

आता यावर समीक्षकांनी काय लिहिलं? एक गट म्हणाला छान आहे पण किरकोळ आहे, होंग वर्षाला एकदोन सिनेमे काढतो त्यातलाच हा एक, लिहिणं, एडिटिंग, म्युझिक सगळं स्वतःच करतो, कॅमेरा एका जागी ठेवतो, मध्येच तो खडबडीत झूम मारतो, झालं. गप्पांचे सिनेमे करणारा फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमर, त्याच्याशी तुलना तर ठरलेलीच, होंगबद्दल लिहायचं म्हटलं की ती येतेच, वरणावर तूप यावं तशी.

दुसऱ्या गटाने मात्र पुरुषांकडे बघितलं. होंगच्या जुन्या सिनेमांत दिग्दर्शक नाहीतर प्रोफेसर असतो, सोजू ही कोरियन दारू पिऊन बायकांपुढे शोभा करून घेणारा. इथे पुरुष फक्त दाराशी येतात, तेही बहुतेक पाठमोरे. एक येतो मांजरांची तक्रार घेऊन. सू-यंगच्या दाराशी येतो एक तरुण कवी, एका रात्रीची ओळख, आता पिच्छा सोडत नाही, आणि ते सगळं गाम-ही आत उभी राहून दाराच्या कॅमेऱ्यातून बघते. त्याआधी यंग-सूनच्या घरी कोंबड्याची गोष्ट निघते, तो कोंबड्यांच्या मानेवरची पिसं उपटतो, का तर आपली सत्ता दाखवायला. समीक्षकांना आयता दाखला मिळाला. मला विचाराल तर तो जरा जास्तच आयता आहे.

पण मांजराचा सीन, तो खरा. यंग-सूनच्या घरी नवीन शेजारी येऊन अगदी अदबीनं सांगतो की चोर मांजरांना खायला घालू नका, माझी बायको घाबरते. कोरियनमध्ये भटक्या मांजराला चोर मांजरही म्हणतात. आतली बाईही तितक्याच अदबीनं म्हणते, मला ती मुलांसारखी आहेत. तो म्हणतो माणसं महत्त्वाची नाहीत का, ती म्हणते आहेत की, पण मांजरंही आहेत. आवाज चढत नाही, कोणी एक इंच मागे सरत नाही, आणि शेवटी कॅमेरा झूम होतो तो मांजरावर. ते आपलं निवांत बसलेलं! सगळ्यात एकमताने कौतुक झालं असेल तर या मांजराचं.

काहींनी सिनेमा सोडून गॉसिपच लिहिलं. होंग आणि किम मिन-हीने २०१७ मध्ये नातं जाहीर कबूल केलं तेव्हा तो विवाहित होता, कोरियात प्रचंड टीका झाली, मग तिचा प्रत्येक रोल म्हणजे त्या दोघांचीच कहाणी असं धरून चालायचं. ते एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही हे मान्य, पण त्या नादात समोरचं दिसेनासं होतं.

समोरचं म्हणजे एक वाक्य. गाम-ही प्रत्येकीला सांगते की लग्नाला पाच वर्षं झाली, एक दिवससुद्धा वेगळे राहिलो नाही, आज पहिल्यांदाच. नवरा म्हणतो प्रेम असेल तर माणसांनी कायम एकत्रच राहावं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा समोर इस्त्रीचे कपडे होते, अर्धं लक्ष, वाटलं किती सुखी बाई. दुसऱ्यांदा नीट बसून पाहिला तर पहिल्या घरी कौतुकासारखं वाटलेलं ते वाक्य दुसऱ्या घरी पाठ केल्यासारखं वाटलं. मग वू-जिन आपल्या नवऱ्याबद्दल कुरकुरते, तो लेखक, मुलाखती देतो, की सगळीकडे तेच तेच बोलतो मग ते मनापासून कसं असेल? समोर गाम-ही ऐकतेय. चेहऱ्यावर काही नाही.

इथे बरेच समीक्षक डिटेक्टिव्ह झाले, म्हणजे तिनं नवरा सोडलाय, पळालेली बाई तीच! असेलही. पण नवरा आपल्याला एकदाही दिसत नाही, आणि सिनेमा हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. आणि मैत्रिणी? त्याही कशाकशातून बाहेर पडूनच इथे आल्यात की.

शेवटी जुना प्रियकर थिएटरच्या बाहेर भेटतो, दोन शब्द अवघडलेले, आणि ती चालायला लागते. मग वळते. परत त्याच थिएटरात जाऊन बसते. पडद्यावर समुद्र, लाटा येतायत.