बँजोची आखूड तार

मंडळी, आपल्याकडे बेंजो म्हटलं की गणपतीची मिरवणूक आठवते. टाइपरायटरसारखी बटणं, पुढे ताशा, मागे नाचणारी पोरं. ते वाद्य म्हणजे बुलबुलतरंग, मूळचं जपानी घराण्यातलं. आज ज्या बँजोविषयी बोलायचंय, त्याचं आपल्या बेंजोशी नावापुरतंच नातं आहे.

हा बँजो अमेरिकेत आला तो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून ओढून नेलेल्या माणसांच्या आठवणीतून. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आजही वाजतं: भोपळा, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, लांब दांडी आणि तीन तारा, त्यातली एक आखूड. बँजोलाही ती आखूड तार आहे. तिची खुंटी दांडीच्या मध्येच, बाजूला बसवलेली असते. सतारीची चिकारी ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. जुन्या पद्धतीत नखाने तार वरून खाली मारायची आणि लगेच अंगठ्याने ती आखूड तार सोडायची. चाल पुढे जात राहते आणि तो एकच उंच सूर मध्ये मध्ये टोचत राहतो. नाचणाऱ्याच्या पायाला ताल मिळतो तो तिथून.

ताल तारांकडे का गेला, यालाही इतिहास आहे. साउथ कॅरोलिनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत ते निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर बंदी आणली. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, मात्र मालकांना हवं होतं, कारण त्यांच्या घरच्या नाचाला वाजवणारा गुलामच असे. फिडल आणि बँजो यांची जोडी जमली ती अशा लोकांच्या हातात. पुढे तिच्यात गिटार आली आणि स्ट्रिंग बँड, म्हणजे तारवाद्यांचा ताफा, उभा राहिला.

मग हे संगीत गोऱ्या डोंगराळ लोकांचं, असं सगळे का धरून चालले? मला यात रेकॉर्ड विकणाऱ्यांचा हात फार मोठा वाटतो. ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीने १९२० साली मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेचं ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं, छापलं, ते धडाक्याने खपलं आणि काळ्या गिऱ्हाइकांसाठी ‘रेस रेकॉर्ड’चा वेगळा कप्पा झाला. १९२३ मध्ये त्याच कंपनीने अटलांटात एका गोऱ्या फिडलवाल्याला मुद्रित केलं, त्यातून ‘हिलबिली’चा, म्हणजे डोंगराळ भागातल्या गोऱ्यांच्या संगीताचा, कप्पा झाला. काळ्या वादकाने ब्लूज द्यायचं, फिडल गोऱ्याने. गावात एकाच अंगणात वाजणारं संगीत दुकानात दोन फळ्यांवर गेलं. मिसिसिपी शीक्ससारखे फिडल-गिटारवाले काळे कलावंत १९३० मध्येही रेकॉर्डवर गाजत होते, पण अशी उदाहरणं विसरली गेली. मला याचा राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

ब्लूजचीही गंमत ऐका. काळे संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी लिहून ठेवलंय की मिसिसिपीतल्या टटवाइलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्यांना फाटक्या कपड्यांतला एक माणूस दिसला. तो गिटारच्या तारेवर सुरीचं पातं दाबून सरकवत होता. आपण ज्याला मींड म्हणतो, तीच. ब्लूजमधला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो; मधल्या जागी थरथरतो. हार्मोनियमवर तो शोधू नका, सापडणार नाही.

आता काळे फिडलवादक जो थॉम्पसन. नॉर्थ कॅरोलिनातल्या मेबनचे, जन्म १९१८. फर्निचरच्या कारखान्यात आयुष्य काढलं. फिडल वडिलांकडून आलं, वडिलांना आजोबांकडून, आणि आजोबा गुलाम होते. तिथली गुलामी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर आठच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ती संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, हे आपल्याला माहीत आहे. जोंच्या घरातलं अंतर दोन पिढ्यांचं होतं, एवढं जवळचं. २००५ साली बून गावात काळ्या बँजोवादकांचा मेळावा झाला. तिथे भेटलेले रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे तरुण पुढे दर गुरुवारी जोंच्या घरी जाऊन बसू लागले. स्वरलिपी नाही, वही नाही. म्हातारबाबा वाजवतील ते तसंच वाजवायचं, चुकलं की पुन्हा. त्यांनी कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड काढला आणि २०११ मध्ये त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्यांच्या मैफलीत फिडलवरची नाचाची चाल आणि ब्लूज एकामागून एक येत, मध्ये भिंत नसे. जो २०१२ मध्ये गेले.

आता त्यांचीच रेकॉर्ड लावतो. फिडल जोंचं, बँजो त्यांचे चुलतभाऊ ओडेल यांचा. पहिल्या फेरीत फिडलकडे लक्ष जाईल, जाऊ दे. दुसऱ्या फेरीत फिडल सोडा आणि अंगठ्याखालची ती आखूड तार ऐका.