ओली नऊवारी आणि चाळीस मीटर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘फ्लॅटमधला हॅम’. परवा एका काकूंचा फोन आला, “त्या दिवशी चतुर्थी आहे हो, उपासाचं काही ठेवणार का?” म्हणून आधीच सांगतो, हा हॅम म्हणजे डुकराचं मांस नव्हे, हौशी रेडिओवाला. सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घेतो, त्याला स्वतःची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळते आणि तो घरातल्या संचावरून जगाशी बोलतो. राजीव गांधी हॅम होते, व्हीयू टू आरजी. हे नाव घेतलं की लोक जरा सावरून बसतात, म्हणून घेतो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मुंबईत या छंदाला जागा नाही असं जो तो म्हणतो. साफ खोटं. जागेचं जमतं. नडतो तो गोंगाट, तोही कानाला ऐकू न येणारा, विजेचा. त्याकडे येतोच. पण जागेचा किस्सा आधी सांगू द्या. घरचे ऐकून ऐकून कंटाळलेत, तुम्ही ताजे आहात.

मी बोलतो त्या लहरींची लांबी चाळीस मीटर, म्हणून तो चाळीस मीटरचा बँड, म्हणजे 7 मेगाहर्ट्झचा पट्टा. त्याला अर्ध्या तरंगलांबीची तार लागते, साधारण 20 मीटर. मुलुंडच्या आमच्या चार मजली इमारतीची गच्ची 14 मीटर. म्हणजे तार कोपऱ्यात वळवायची. चालतं, रेडिओलहरी एवढ्या सोवळ्याच्या नसतात. सोसायटी मात्र असते. मी रीतसर अर्ज केला. तीन मीटिंगा झाल्या. वीज पडेल का, कॅन्सर होईल का, आणि खजिनदारांचा खास प्रश्न, “मोबाइल टॉवरवाले भाडं देतात, तुम्ही किती देणार?” मी म्हटलं, साहेब, माझा संच 5 वॅटचा, देवघरातला जुना झीरोचा दिवासुद्धा याहून जास्त खायचा. त्यावर निर्णय काय, तर “बघू.” सोसायटीच्या भाषेत ‘बघू’ म्हणजे नाही, पण लेखी नाही.

लेखी नाही म्हटल्यावर मी लॅमिंग्टन रोडवरून बारीक तांब्याची तार आणली, तार आणि संच यांच्या जुळणीसाठी एक फेराइट कोअर, म्हणजे चुंबकी मालाचं कडं, आणलं. रात्री तार बांधली, एका टोकाला संच जोडलेली (हॅमच्या भाषेत एंड-फेड), छातीएवढ्या उंचीवर, कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून.

रविवारी सकाळी बंगळूरचे एक गृहस्थ भेटले, आवाज खणखणीत. बोलता बोलता एसडब्ल्यूआरचा काटा 1.3 वरून 4 वर. एसडब्ल्यूआर म्हणजे तुम्ही पाठवलेल्यातलं किती परत तोंडावर येतं त्याचं माप. संचानं स्वतःहून पॉवर आवरती घेतली. वर धावलो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या तारेवर नऊवारी वाळत घातलेली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, ओलीचिंब, चिमटे लावून! आजी म्हणाल्या, “दोरी बारीक आहे रे तुझी, पण ताणलीयेस छान.” खाली आलो तर बंगळूरकर अजून विचारतायत, अँटेना कुठली? काय सांगणार, एंड-फेड विथ सारी.

हसण्यावारी नेऊ नका. अशा तारेच्या टोकाला 5 वॅटवरही शंभरेक व्होल्ट असतात. त्याच संध्याकाळी तार दोन बांबूंवर हाताच्या वर नेली आणि आजींना खाली नायलॉनची दोरी बांधून दिली. वार्षिक सभेत कुणीतरी तारेचा विषय काढला तेव्हा आजीच उठल्या, “पोराची दोरी राहू दे.” ठराव बारगळला.

आणि फ्लॅटमधून रेडिओ मुंबईला नवा कुठे आहे? 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ याच शहरातल्या फ्लॅटांमधून चालवला, पोलिसांना चुकवत बिऱ्हाडं बदलत. तरंगलांबी 42.34 मीटर. भागाकार करून बघा, 7.08 मेगाहर्ट्झ! आज ती जागा हौशी बँडात येते. रात्री तिथं काटा फिरवताना दर वेळी माझ्या अंगावर... बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

तर गोंगाट. पटापट सांगतो. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, लिफ्टचं मोटर कंट्रोल, हे सगळं आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं-जोडतं आणि त्याची खरखर शॉर्टवेव्हवर पसरते. गावाकडे संचावरच्या ताकद मोजणाऱ्या मीटरवर खरखर एस टू, म्हणजे नावापुरती, मुलुंडला एस नाइन, म्हणजे दणदणीत. म्हणजे माझं बोलणं ब्राझीलला पोचेल, त्याचं मला ऐकू येणार नाही. उपाय असा. सेलवर चालणारा, एसएसबी (सिंगल साइडबँड, हॅम बोलतात ती पद्धत) असलेला छोटा रेडिओ घ्या. साध्या संचावर हॅमचं बोलणं बदक बोलल्यासारखं येतं, म्हणून एसएसबी हवं. घरातला मेन स्विच पाडा. खरखर उतरली तर चोर घरात. मग एकेक एमसीबी वर करत जा. माझ्याकडचे दोन चार्जर आणि बाथरूमचा बल्ब सापडला, तिघांना हद्दपार केलं. गच्ची नसेल तर बाल्कनीत मीटरभर व्यासाचा लूप, म्हणजे तारेचं कडं, लावा, फिरवला की एखाद्या दिशेची खरखर बरीच पडते.

आता तुम्ही विचाराल, “पोलिसांचं बोलणं ऐकू येतं का?” नाही, आणि तो आपला धंदाही नाही.

मेन स्विच पाडूनही एक खरखर उरली होती. रेडिओ हातात घेऊन जिन्यानं मजला मजला उतरलो. तिसऱ्या मजल्यावर ती कळसाला पोचली. आजींच्या देवघरातली एलईडीची माळ. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? माझी तार त्यांच्या शब्दावर उभी आहे. माळ रात्री दहाला बंद होते. तोवर वरचा डी थरही, म्हणजे दिवसा या लहरी गिळणारा हवेतला विद्युतभारित थर, मावळलेला असतो आणि चाळीस मीटर दूरदूरचं आणायला लागतो. मी दहा वाजून पाच मिनिटांनी बसतो.