निळा रंग गेला, पण पाण्यात उरलं काय?

आज घरी गेल्यावर फाटकाच्या जुन्या पांढऱ्या ऑइलपेंटवरून तळहात फिरवून बघा. हाताला पांढरी भुकटी लागेल. आपण म्हणतो, उन्हानं रंग मेला. त्यात उन्हाचा एक साथीदार आहे, रंगाला पांढरेपणा देणारा टायटेनियम डायऑक्साइड. ऊन पडलं की तो स्वतःलाच धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थच हळूहळू जाळत जातो. रंग बनवणाऱ्यांची ती डोकेदुखी. आम्हाला पाणी स्वच्छ करण्यासाठी नेमकी तीच ताकद हवी आहे.

१९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन केल्याचं जाहीर केलं. पुढं १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच्या मदतीनं पाण्यातलं सायनाइड नष्ट करून दाखवलं. घडतं असं : प्रकाशानं कणातला इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि मागं रिकामी जागा सोडतो. ती जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे पाण्याच्या रेणूचा एक अतिशय आक्रमक तुकडा, तयार होतो. क्लोरीन, ओझोन दोघांपेक्षाही हा जबर. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतो. शेवटपर्यंत काम झालं तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण बहुतेक इलेक्ट्रॉन काही करण्याआधीच त्या जागेत परत पडतात, आणि सगळा खेळ इथंच अडतो.

‘शेवटपर्यंत’ या शब्दावर मी आज अडून बसणार आहे.

सुरुवातीच्या काळात मी गच्चीवर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा बीकर ठेवला होता, आत टायटेनियम डायऑक्साइडची पावडर, खाली ढवळणारा स्टरर, वर मार्चचं ऊन. दोन तासांत निळं पाणी निवळशंख. मला केवढा आनंद झाला! मग त्याच पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजून घेतला. बराचसा जिथल्या तिथं होता. रंग देणारा भाग तुटला होता, तुकडे पाण्यातच होते. शेजारी पावडर न टाकलेला बीकर ठेवला, तर तोही नुसत्या उन्हानं फिकटला. आणि पावडर टाकून अंधारात ठेवलेलाही थोडा फिकटला, कारण कण रंग अंगाला चिकटवून घेतात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी अर्धा तास अंधारात ढवळायला लावतो. त्यांना कंटाळा येतो, पण तो अर्धा तास मी कुणालाही सोडत नाही.

आता इचलकरंजीकडे वळू. कापडाच्या प्रोसेस हाऊसमधलं ताजं रंगाचं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर पलीकडचं बोट दिसत नाही. तिथं प्रकाश आत जाणार कसा? शिवाय रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जुळवणारा रंग, कापडावर बसावा म्हणून भरपूर मीठ आणि सोडा घालतात. मिठातला क्लोराइड, सोड्यातला कार्बोनेट रॅडिकलला वाटेतच गाठतो. प्रयोगशाळेतल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये जे तासाभरात होतं, ते इथं होत नाही. हे न सांगता नुसते निळ्या बीकरचे फोटो दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं.

‘सर, ही पावडर कोल्हापूरच्या रंकाळा तलावात टाकली तर?’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. नको. इतके बारीक कण परत गोळा होत नाहीत. हिरव्या पाण्यात प्रकाश खोल जात नाही. आणि सांडपाणी येत राहिलं तर कितीही पावडर कमीच. जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जाणाऱ्या मैल्यासाठी जिवाणूंची जुनी पद्धतच स्वस्त आणि खात्रीची. प्रकाशाचं काम त्यानंतरचं : जिवाणूंना न पचणारी औषधं, कीटकनाशकं, रंगाचे उरलेले अंश, तेही पाणी गाळून नितळ झाल्यावर.

अडचण उन्हाचीही आहे. टायटेनियम डायऑक्साइडला ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी लागतात, म्हणजे अतिनील. आपल्या उन्हात त्या जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून कुणी त्यात नायट्रोजन मिसळतं, कुणी त्याऐवजी कार्बन नायट्राइड हा दुसराच पदार्थ वापरतं. हे दोन्ही दृश्य प्रकाशातही काम करतात. पावडर गाळायची कटकट नको म्हणून काचेच्या मण्यांवर थर बसवतात. मात्र मग पाण्याला लागणारा पृष्ठभाग कमी होतो आणि वेग मंदावतो.

सकाळी खिडकीत निळ्या रंगाचे तीन बीकर ठेवलेत : एक नुसता, एक पावडरचा, एक काळ्या कागदात गुंडाळलेला. चहाआधी तिन्ही शेजारी शेजारी धरून बघा. आणि पुढं कुणीही ‘पाणी स्वच्छ केलं’ म्हणत आलं, तर त्याला कार्बन किती उरला ते विचारा.