इंग्रजीचा शिक्षक घडताना

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजीचा शिक्षक होऊ पाहणारा छात्राध्यापक प्रशिक्षणाला येतो, तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. शाळेत असताना त्याने वर्षानुवर्षे शिक्षकांना शिकवताना पाहिलेले असते आणि शिकवणे म्हणजे काय, याची एक पक्की कल्पना त्याच्या मनात बसलेली असते. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याला निरीक्षणातून घडलेली उमेदवारी, म्हणजे नुसते पाहून झालेले शिकाऊपण, म्हटले. ज्याने धड्याचे वाचन, कठीण शब्दांचे अर्थ आणि प्रश्नोत्तरे एवढेच पाहिले, तो वर्गात उभा राहिल्यावर तेच करतो, मग नव्या अध्यापनपद्धतींवर त्याने कितीही व्याख्याने ऐकलेली असोत. म्हणून कला आणि डिजिटल साक्षरता हे त्याच्यासाठी केवळ परीक्षेचे विषय राहू नयेत; त्याने त्या मार्गाने स्वतः इंग्रजी वाचले आणि लिहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एक साधा प्रयोग पाहू. घर सोडून निघालेला मुलगा आणि दारात उभी असलेली आई, असा कथेतील एक प्रसंग छात्राध्यापकांच्या गटाला द्यावा आणि स्वतः पात्रे होऊन, एकही शब्द न बोलता आणि न हलता त्याचे स्थिरचित्र उभे करायला सांगावे. लगेच वाद सुरू होतो. आईचा हात दाराच्या चौकटीवर असावा की मुलाच्या खांद्यावर? मुलाची नजर रस्त्याकडे असावी की मागे? उत्तर शोधण्यासाठी सगळे पुन्हा मजकुराकडे वळतात आणि आधी नजरेतून सुटलेले एखादे क्रियाविशेषण अचानक महत्त्वाचे ठरते. कवितेचा किंवा कथेचा अर्थ वाचक आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीतून घडतो, हा साहित्याच्या अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांचा विचार इथे प्रत्यक्ष अनुभवता येतो. नाट्य हे वाचनानंतरचे मनोरंजन नसून तेच सखोल वाचन आहे.

डिजिटल साक्षरतेचीही हीच गोष्ट आहे. फळ्याऐवजी पडद्यावर चित्रफीत दाखवली, म्हणजे ती साधली असे होत नाही. छात्राध्यापकाने दोन मिनिटांची ध्वनिकथा स्वतः लिहून, ध्वनिमुद्रित करून संपादित केली, की वाक्य कुठे लांबले आणि विराम कुठे हवा होता, हे त्याच्याच कानांना कळते. माहितीची पारख हा तर याहूनही निकडीचा भाग आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे लोक संकेतस्थळे कशी वाचतात, याची तुलना केली. पडताळणी करणारे अनोळखी पानावर रेंगाळत नव्हते. ते पान तसेच ठेवून त्याच्या कर्त्याविषयी इतरत्र काय लिहिले आहे, हे आधी शोधत होते. उलट, अनुभवी इतिहासकारही अनेकदा पानाच्या रुबाबदार मांडणीला फसले. पडताळणीची ही सवय भावी शिक्षकाला स्वतःला नसेल, तर तो ती विद्यार्थ्यांना कशी लावणार?

या कामाला वेळ लागतो आणि त्याचे मूल्यमापन अवघड असते, हे खरे आहे. तरीही चित्र किती सुबक आले याला गुण देऊ नयेत. अमुक रंग, अमुक आवाज किंवा अमुक हालचाल मजकुरातील कोणत्या ओळीमुळे निवडली, हे छात्राध्यापकाला विचारावे आणि त्याच्या उत्तरावर गुण द्यावेत. सराव पाठाच्या निरीक्षकानेही पाठ टाचणातील रकाने तपासण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा.