कांगारूचा शिक्का आणि शिशाची गोळी: मार्टिनी कॅडेटसाठी साचा निवडताना

ही जी छोटीशी रायफल दिसतेय, तिच्या बाजूला नीट बघा, कांगारूचा शिक्का आहे. ही मार्टिनी कॅडेट. बनली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला, बीएसए आणि ग्रीनर या दोन कंपन्यांकडे, पण गेली ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी पोरांच्या हातात. 1911 साली तिथे मुलांना सक्तीचं कॅडेट ट्रेनिंग सुरू झालं, आणि त्या योजनेला सल्ला देणारा माणूस होता लॉर्ड किचनर, जो 1909 पर्यंत आपल्याकडे हिंदुस्थानात सरसेनापती होता. पोरांना सैन्याची मोठी रायफल झेपत नाही म्हणून ही हलकी, कमी धक्क्याची, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल.

तिचं काडतूस म्हणजे .310 कॅडेट, गोळी 120 ग्रेनची, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. आज ही काडतुसं दुकानात सहज मिळत नाहीत, त्यामुळे ज्यांच्याकडे या रायफली आहेत आणि ज्यांना त्या भिंतीवर टांगून न ठेवता रेंजवर चालवायच्यात ते गोळ्या स्वतः ओततात. आधीच सांगतो, भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणाला हा छंद असेल तर तिथलाही परवाना लागतोच.

आता मुद्दा साच्याचा. बहुतेक जण काय करतात, नाव .310 आहे ना, मग .310 किंवा .311 इंच व्यासाची गोळी देणारा साचा मागवतात, आणि मग टार्गेटवर गोळ्या आडव्या-तिडव्या लागतात, बॅरलमध्ये शिसं चिकटतं आणि शेवटी रायफलच जुनी झालीय असं म्हणून सोडून देतात. रायफलचा काही दोष नसतो हो! बॅरलच्या आत गोळीला फिरकी देणारे पीळदार चर कोरलेले असतात, त्या चरांचा व्यास असतो .316 इंचाच्या आसपास, काहींत त्याहून जास्त. .311 ची गोळी त्यात सैल बसते, मागचा गरम गॅस तिच्या कडेने पुढे पळतो आणि जाता जाता शिसं वितळवतो.

मूळ गोळीची रचनाच वेगळी होती. तिला टाच असते, म्हणजे बुडाचा भाग बारीक, तेवढाच काडतुसाच्या नळीत जातो, आणि वरचा जाड भाग नळीच्या बाहेर, नळीच्या बाहेरच्या मापाइतका. आपल्या ओळखीच्या .22 रिमफायरची गोळी अजून अशीच असते. म्हणून कॅडेटसाठी साचा घ्यायचा तर टाचवाल्या गोळीचाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याच्याही आधी बॅरल मोजा. शुद्ध मऊ शिशाचा एक गोळा घ्यायचा, चरांपेक्षा किंचित मोठा, बॅरलला आतून हलकं तेल लावायचं आणि रायफल रिकामी आहे याची खात्री करून गजाने तो हळूहळू आरपार ढकलायचा. बाहेर आला की त्याच्यावर चरांचे ठसे असतात, अगदी स्वच्छ, हाताला लागणारे. त्या ठशांच्या उंच भागावर मायक्रोमीटर लावायचा आणि येईल त्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी गोळी देणारा साचा शोधायचा. या रायफली एकसारख्या नाहीत, शेजारी ठेवलेल्या दोन कॅडेटची मापं वेगळी येऊ शकतात, त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेला आकडा आपल्या बॅरलला लावू नये.

गोळीच्या नाकाचं म्हणाल तर इथे मोकळीक आहे. विंचेस्टर 1892 सारख्या रायफलीत काडतुसं नळीच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या कॅपवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या बुडावरच्या टोपीवर टेकतं, म्हणून तिथे चपट्या नाकाचीच गोळी हवी. कॅडेटमध्ये मॅगझिनच नाही, गोल नाक बिनधास्त चालतं. लांबी मात्र वाढवायची नाही. बॅरलच्या चरांचा पीळ ज्या लांबीच्या गोळीसाठी दिलाय तेवढीच गोळी तो स्थिर फिरवतो, जास्त लांब, जड गोळी घातली तर ती हवेत डगमगते आणि कागदाला आडवी भोकं पाडते.

ओतताना छोट्या कॅलिबरची एक अडचण असते, गोळी छोटी म्हणजे तिच्यात उष्णता थोडी, आणि साच्याचा ठोकळा मोठा, त्यामुळे साचा लगेच थंड पडतो आणि गोळीवर सुरकुत्या येतात. अशा वेळी दोन खणांचा साचा बरा, आणि हात थांबवायचा नाही, एका लयीत ओतत राहायचं. पहिल्या काही गोळ्या खराबच येतात, त्या सरळ भांड्यात परत टाकायच्या. उलट साचा फार तापला तर गोळी पांढुरकी, धुरकट दिसते, ती वापरता येते, पण वेग थोडा कमी करायचा.

मिश्रधातू मी मऊच सुचवेन, वीस भाग शिसं आणि एक भाग कथील. कथिलामुळे शिसं साच्याच्या कोपऱ्यात नीट भरतं, आणि गोळी मऊ राहिल्यामुळे मागून दाब आला की ती फुगून चरांत घट्ट बसते, टाचवाल्या गोळीला याची फार गरज असते कारण तिचं बूड मुळातच बारीक. भांडं साधारण 400 अंश सेल्सिअसला ठेवा. आणि पाण्याचा एक थेंबसुद्धा जवळ नको, वितळलेल्या शिशात पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोकळी हवा, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही.

गार झालेल्या गोळ्यांचं बूड बघायचं, कडा तुटलेली असेल तर ती बाद. नाकावरचा छोटा खड्डा एक वेळ चालेल, बुडाची कड तुटलेली अजिबात नाही, कारण बॅरलमधून सुटताना गॅस शेवटचा धक्का तिथेच देतो. मग वजन. पाचशे ग्रेनच्या गोळीत एका ग्रेनचा फरक खपून जातो, 120 च्या गोळीत तो टार्गेटवर दिसतो. शेवटी मधमाश्यांचं मेण आणि चरबीचं वंगण, जे या गोळीत काडतुसाच्या नळीच्या बाहेर उघडंच राहतं, म्हणून तयार काडतुसं धुळीत ठेवायची नाहीत.

आणि हो, यातल्या कितीतरी रायफली पुढे लष्कराने विकून टाकल्या आणि लोकांनी त्यांचं चेंबर, म्हणजे बॅरलमागची काडतूस बसायची जागा, बदलून .32-20 या दुसऱ्या काडतुसासाठी करून घेतलं. चेंबर बदललं तरी बॅरल बऱ्याचदा तेच जुनं, .316 वालं राहिलं. .32-20 ची नेहमीची गोळी असते .311 ते .312 ची, काडतूस चेंबरमध्ये छान बसतं, आवाज छान येतो आणि नेम मात्र लागत नाही. तुमच्या हातात अशी रायफल आली तर चेंबरवरचा नवा शिक्का वाचून साचा मागवू नका, आधी तो शिशाचा गोळा बॅरलमधून ढकला.